'पुट ऑफ' म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकताना 'पुट ऑफ'चा अर्थ बहुतेकांना 'पुढे ढकलणे' असा सांगितला जातो. तो बरोबरच आहे. पण मग 'हिज टोन पुट मी ऑफ' असं वाक्य वाचनात येतं आणि 'त्याच्या सुरानं मला पुढे ढकललं' असं भलतंच काहीतरी हाती लागतं. या क्रियापदाला अर्थ अनेक असले तरी त्यांच्यात गोंधळ नाही. वाक्यात काम 'पुट ऑफ' होतंय की माणूस, एवढं आधी बघायची सवय लागली की निम्म्याहून जास्त शंका जागच्या जागी मिटतात. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

कामाच्या बाबतीत 'पुट ऑफ'चा अर्थ काय होतो?

ठरलेली किंवा करायची असलेली गोष्ट नंतरवर टाकणे. 'दे पुट ऑफ द मीटिंग' म्हणजे त्यांनी बैठक पुढे ढकलली. 'आय कीप पुटिंग ऑफ द पेपरवर्क' म्हणजे कागदपत्रांचं काम मी सारखं लांबणीवर टाकतोय.

या दोन वाक्यांच्या छटा वेगळ्या आहेत. पहिल्यात नुसता वेळेचा बदल आहे, कुणाला दोष दिलेला नाही. दुसऱ्यात 'कीप' आल्यामुळे चालढकल आली, म्हणजे काम नकोसं आहे आणि म्हणून ते मागे पडतंय. मराठीत आपण 'पुढे ढकलणे' आणि 'चालढकल करणे' असे दोन वेगळे प्रयोग करतो. इंग्रजीत दोन्हींसाठी 'पुट ऑफ'च येतं आणि छटा आजूबाजूच्या शब्दांवरून कळते. 'कीप', 'ऑलवेज', 'एनी लाँगर' असे शब्द सोबत दिसले की चालढकलीचा वास घ्यावा. 'धिस कान्ट बी पुट ऑफ एनी लाँगर' म्हणजे आता याला टाळाटाळ चालणार नाही.

आणि माणूस 'पुट ऑफ' होतो तेव्हा?

या क्रियापदाचा खरा रस इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

पहिला अर्थ मन उडण्याचा. 'द प्राइस पुट मी ऑफ' म्हणजे किंमत ऐकून माझं मन मागे फिरलं. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे त्या वासानं माझी अन्नावरची वासनाच उडाली. इथे कोणीही काहीही पुढे ढकललेलं नाही. एखाद्या गोष्टीमुळे आवड, इच्छा किंवा उत्साह गेला आहे.

दुसरा अर्थ लक्ष उडण्याचा. कोणी काम करत असताना दुसरा कोणी सारखा टेबलावर बोटं वाजवत बसला, तर तो म्हणेल, 'स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ.' म्हणजे थांब रे, तुझ्यामुळे माझं लक्ष लागत नाहीये.

तिसरा अर्थ उडवाउडवीचा. 'आय आस्क्ड फॉर माय मनी, बट ही कीप्स पुटिंग मी ऑफ.' मी पैसे मागितले, पण तो आज देतो, उद्या देतो म्हणत मला टोलवतोय. याच अर्थानं 'पुट ऑफ विथ' असाही प्रयोग होतो. 'ही पुट मी ऑफ विथ अ व्हेग प्रॉमिस' म्हणजे त्यानं मोघम आश्वासन देऊन माझी बोळवण केली.

गंमत अशी की मराठीत तिन्ही ठिकाणी 'उड' हाताशी येतो: मन उडणे, लक्ष उडणे, उडवाउडवी करणे. म्हणून लक्षात ठेवायला मला हा मार्ग सगळ्यात सोपा वाटतो. काम असेल तर 'ढकल', माणूस असेल तर 'उड'. प्रत्येक वाक्य यात चपखल बसेल असं नाही, पण वाचताना पहिला अंदाज बांधायला एवढं पुरतं.

न बसणारं एक उदाहरण इथेच सांगून टाकतो. 'वी हॅड टु पुट अवर गेस्ट्स ऑफ' म्हणजे आम्हाला पाहुण्यांना 'आत्ता येऊ नका' असं कळवावं लागलं. वाक्यात माणसं आहेत, तरी अर्थ बेत पुढे ढकलण्याचा आहे.

'ही पुट मी ऑफ' एवढंच वाक्य आलं तर कोणता अर्थ धरायचा?

एकट्या वाक्यावरून सांगता येत नाही, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही ते येणार नाही. मागचं-पुढचं वाक्य बघावंच लागतं. आधी काही मागणं, विचारणं, पाठपुरावा असेल तर उडवाउडवी. मी काहीतरी करत होतो, खेळत, मोजत, बोलत होतो असं असेल तर लक्ष विचलित झालं. त्याचं वागणं, बोलणं, दिसणं यांचं वर्णन चाललं असेल तर मन उडालं.

कर्त्याकडे बघूनही मदत होते. कर्ता निर्जीव असेल, म्हणजे किंमत, वास, रंग, एखादी बातमी, तर उडवाउडवीचा अर्थ बादच होतो. वास कोणाला आश्वासनं देत नाही.

दोन साध्या शब्दांतून इतके अर्थ कसे निघतात?

'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर, अलग, बाजूला. मूळ कल्पना 'दूर सारणे' अशी धरली तर सगळे अर्थ तिच्यातूनच फुटलेले दिसतात. काम काळात दूर सारलं की ते पुढे ढकललं गेलं. माणूस आवडीपासून दूर गेला की मन उडालं. कामापासून चित्त दूर गेलं की लक्ष उडालं. मागणारा दूर ठेवला की उडवाउडवी झाली.

क्रियापदाला 'ऑफ', 'अप', 'आउट' असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ तयार झाला की त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात हे नाव वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. नाव नवं असलं तरी असे प्रयोग इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

'पोस्टपोन' हा शब्दही आतून असाच आहे. लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे.

'ऑफ' लिहिताना एक एफ की दोन?

दोन. मराठीत आपण दोन्ही शब्द 'ऑफ' असेच लिहितो आणि बहुतेक जण बोलतोही तसेच, त्यामुळे ही चूक सारखी होते. एक एफ असलेला शब्द 'चा, ची, चे' या अर्थाचा आहे आणि त्याचा उच्चार 'अव्ह'च्या जवळ जातो. दोन एफ असलेला म्हणजे दूर, अलग, बंद. त्यात मात्र स्पष्ट 'फ' ऐकू येतो. मुळात हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारलेलं रूप पुढे दोन एफनी लिहिलं जाऊ लागलं आणि मग दोघांचे संसार वेगळे झाले.

भूतकाळी रूप काय?

'पुट'च. वर्तमान, भूत आणि तिसरं रूप, तिन्ही सारखी. 'पुटेड' असा शब्द नाही. त्यामुळे 'शी पुट ऑफ द ट्रिप' हे वाक्य भूतकाळाचंच आहे, कारण वर्तमानात 'शी पुट्स ऑफ' असा एस लागला असता. 'दे पुट ऑफ' मात्र दोन्ही काळांत सारखंच दिसतं. तिथे 'यस्टर्डे' किंवा 'एव्हरी इयर' असा काही आधार शोधावा लागतो.

'पुट ऑफ इट' की 'पुट इट ऑफ'?

'पुट इट ऑफ'. यात सूट नाही.

कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ'. पण त्या नामाऐवजी 'इट', 'देम', 'हिम', 'मी' असं सर्वनाम आलं की ते मधेच बसतं. आणि कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ 'द मीटिंग वी हॅड प्लॅन्ड फॉर द नेक्स्ट वीक', तर ते शेवटीच ठेवावं. नाहीतर 'ऑफ' येईपर्यंत वाचणारा 'पुट' विसरून जातो.

पुढे दुसरं क्रियापद आलं तर 'टु' लावायचं का?

नाही, 'इंग' लावायचं. 'आय पुट ऑफ कॉलिंग हिम' बरोबर, 'आय पुट ऑफ टु कॉल हिम' चूक. 'त्याला फोन करायचं टाळलं' या मराठी वाक्यातल्या 'करायचं'मुळे हात आपोआप 'टु'कडे जातो. तिथेच सावध राहायचं.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

'आय पुट ऑफ गोइंग देअर.'
'इट पुट मी ऑफ गोइंग देअर.'

पहिल्याचा अर्थ: मी तिथे जाणं पुढे ढकललं. अजून जाईन, पण नंतर. दुसऱ्याचा अर्थ: त्यामुळे माझी तिथे जायची इच्छाच गेली. बहुधा जाणारच नाही. 'पुट' आणि 'ऑफ' यांच्या मधे एक 'मी' शिरला आणि कामाचं वाक्य माणसाचं झालं. काम की माणूस हा प्रश्न किती उपयोगी आहे, हे या जोडीइतकं दुसरं काहीच दाखवत नाही. ही जोडी वहीत उतरवून घ्यावी असं मी मनापासून सुचवेन.

दुसऱ्या वाक्याच्या रचनेत माणूस मधेच येतो, मग तो नाम असो की सर्वनाम: 'द रिव्ह्यूज पुट मेनी पीपल ऑफ बायिंग इट.' परीक्षणं वाचून अनेकांचं ते विकत घेण्याचं मन गेलं.

'सामना सोमवारवर ढकलला' याचं इंग्रजी 'पुट ऑफ ऑन मंडे' होईल का?

होणार नाही. नवी वेळ सांगताना 'टिल' किंवा 'अंटिल' वापरा: 'द मॅच वॉज पुट ऑफ टिल मंडे.' 'ऑन' वापरलं तर सामना पुढे ढकलण्याचा निर्णय सोमवारी झाला असा अर्थ लागू शकतो. किती काळ पुढे गेलं हे सांगायचं असेल तर 'फॉर': 'इट वॉज पुट ऑफ फॉर अ वीक.'

'द मॅच पुट ऑफ' का चुकतं? मराठीत 'मॅच पुढे गेली' चालतं की.

मराठीत चालतं, कारण 'जाणे' ही क्रिया मॅच स्वतःच करते. 'पुट ऑफ' सकर्मक आहे; कोणीतरी, काहीतरी ढकलावं लागतं. ढकलणाऱ्याचं नाव घ्यायचं नसेल तर 'वॉज' किंवा 'हॅज बीन' घालून कर्मणी प्रयोग करायचा: 'द मॅच हॅज बीन पुट ऑफ.'

माणसाच्या अर्थानंही कर्मणी प्रयोग होतो: 'आय वॉज पुट ऑफ बाय हिज टोन.' तिथे 'बाय'नंतर मन उडण्याचं कारण येतं.

'पोस्टपोन', 'डिले', 'कॅन्सल', 'कॉल ऑफ' यांत आणि 'पुट ऑफ'मध्ये फरक काय?

'पोस्टपोन' हा जवळचा भाऊ आहे, फक्त औपचारिक. सूचनाफलक, पत्र, बातमी इथे तो शोभतो. शिवाय त्याच्यात चालढकलीचा आरोप सहसा नसतो.

'डिले'चा फरक बारीक, पण महत्त्वाचा आहे. 'पुट ऑफ' करायला कोणाचा तरी निर्णय लागतो. विमान धुक्यामुळे दोन तास उशिरा सुटलं तर ते 'डिलेड'. त्याला 'पुट ऑफ' म्हणत नाहीत. पावसामुळे सामना 'पुट ऑफ' होतो असं म्हणतो खरं, पण तिथेही आज नको, नंतर खेळू असं कोणीतरी ठरवलेलं असतं.

'कॅन्सल' आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. नंतर होण्याची आशा त्यात नाही. 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ' यांची अदलाबदल झाली तर नुकसान होऊ शकतं: कार्यक्रम पुढच्या आठवड्यात असताना लोक तो रद्द झाला असं समजून बसतात. निरोप देताना हे दोन्ही शब्द तपासून लिहावेत.

याच्या उलट काय? 'प्रीपोन' चालेल का?

भारतीय उपखंडात चालतं, शब्दकोशांनीही नोंदवलं आहे, आणि रचनेच्या दृष्टीनं शब्द सुबक आहे. पण इतर देशांतल्या अनेकांना तो कळत नाही. त्यांच्याशी बोलताना 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा 'मूव्ह अप' वापरा. 'मूव्ह फॉरवर्ड' मात्र टाळा. काही जण त्याचा अर्थ आधी असा घेतात, काही जण नंतर असा.

'पुट ऑन'च्या उलट 'पुट ऑफ' का नाही?

दिव्यांपुरतं आहे. 'पुट ऑफ द लाइट' हा प्रयोग ब्रिटिश इंग्रजीत आढळतो, पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' सगळीकडे समजतं. तेच वापरावं.

कपडे, बूट, चष्मा यांच्यासाठी घालणे म्हणजे 'पुट ऑन' आणि काढणे म्हणजे 'टेक ऑफ'. 'पुट ऑफ युवर शूज' असं जुन्या इंग्रजीत सापडतं. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये हाच प्रयोग आहे. आज कोणी असं म्हणत नाही.

आग किंवा मेणबत्ती विझवायची असेल तर 'पुट आउट'. माणसाच्या बाबतीत 'पुट आउट' म्हणजे नाराज, दुखावलेला. 'ही वॉज पुट ऑफ' म्हणजे त्याचं मन उडालं आणि 'ही वॉज पुट आउट' म्हणजे त्याला वाईट वाटलं, राग आला.

चालकानं प्रवाशाला बसमधून उतरवून दिलं, तर तेही 'पुट हिम ऑफ द बस'. हा अर्थ विरळा, पण शब्दशः असल्यामुळे अडत नाही.

'ऑफ-पुटिंग' हा वेगळा शब्द आहे का?

याच क्रियापदापासून झालेलं विशेषण, फक्त तुकडे उलटे जोडलेले. 'अॅन ऑफ-पुटिंग मॅनर' म्हणजे समोरच्याचं मन मागे फिरवणारी वागण्याची पद्धत. हे फक्त माणसाच्या अर्थानं येतं. पुढे ढकललेल्या बैठकीला 'ऑफ-पुटिंग मीटिंग' म्हणता येणार नाही. त्याचा अर्थ नकोशी वाटणारी बैठक असा होईल.

'डोन्ट बी पुट ऑफ' हे सारखं दिसतं. त्याचा अर्थ?

'बिचकू नका', 'मागे फिरू नका'. 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द साइज ऑफ द बुक' म्हणजे पुस्तकाचा आकार बघून बिचकू नका. दिसायला अवघड किंवा नावडती, पण आतून चांगली अशी वस्तू सुचवताना इंग्रजीत हे वाक्य हमखास येतं. 'डोन्ट लेट इट पुट यू ऑफ' हेही तसंच.

माझ्या मते 'पुट ऑफ'च्या सगळ्या प्रयोगांत शिकणाऱ्याला सगळ्यात आधी यायला हवा तो हा. सौम्य आहे, धीर देणारा आहे, आणि मराठीतून शब्दाला शब्द ठेवून तो सुचत नाही. आपण 'घाबरू नका' म्हणून मोकळे होतो आणि 'डोन्ट बी अफ्रेड' लिहितो. जिथे भीती नसून फक्त मन कचरतंय, तिथे 'पुट ऑफ'च नेमकं बसतं.

बोलताना जोर कुठे द्यायचा?

शेवटी 'ऑफ' आलं तर त्याच्यावर: 'डोन्ट पुट इट ऑफ.' पुढे नाम आलं तर जोर त्या नामावर सरकतो: 'डोन्ट पुट ऑफ द मीटिंग.' 'पुट' आणि 'ऑफ' वेगळे तोडून म्हणू नयेत. ओघात ते 'पुटॉफ' असंच ऐकू येतं. आणि 'पुट'मधला उकार जपावा. 'पट' असा उच्चार गोल्फमधल्या एका फटक्याचा आहे, त्या शब्दात दोन टी असतात.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फरक आहे का?

पुढे ढकलणे आणि मन उडणे हे अर्थ दोन्हीकडे आहेत. लक्ष उडण्याचा अर्थ मुख्यतः ब्रिटिश. अमेरिकन माणूस तिथे 'डिस्ट्रॅक्ट' किंवा 'थ्रो ऑफ' म्हणेल.

भेट पुढे ढकलायची आहे. निरोपात 'पुट ऑफ' लिहू का?

मित्राला, घरच्यांना, रोजच्या सहकाऱ्याला खुशाल लिहा: 'कॅन वी पुट इट ऑफ टिल फ्रायडे?' अगदी नैसर्गिक वाक्य आहे.

पण ज्यांना मान द्यायचा आहे किंवा ज्यांची ओळख नवी आहे, त्यांना 'पोस्टपोन' लिहावं. विशेषतः आधी एकदा भेट पुढे गेली असेल तर 'पुट ऑफ'मधली टाळाटाळीची छटा समोरच्याला बोचू शकते. आणि काहीही झालं तरी 'सॉरी फॉर पुटिंग यू ऑफ' लिहू नका. भेटीच्या जागी माणूस आला की 'तुम्हाला टोलवल्याबद्दल क्षमस्व' असा अर्थ लागतो. त्याऐवजी भेटीलाच कर्म करा आणि नवी वेळ त्याच वाक्यात द्या: 'आय ॲम सॉरी, बट कुड वी पोस्टपोन अवर मीटिंग अंटिल फ्रायडे ॲट इलेव्हन?'